हॉटेलात जेवताना मिताहार कसा सांभाळता?

माणदेशी

माझं काम फिरतीचं. ठिबक सिंचनाचं साहित्य विकतो. सोलापूर, सांगली, सातारा, कधी पार नगरपर्यंत जाणं होतं. आठवड्यातली निम्मी दुपारची जेवणं धाब्यावर नाहीतर लॉजशेजारच्या हॉटेलात होतात, आणि एखादा डीलर सोबत असला की रात्रीचंही तिथंच.

मागच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी रक्तसाखर दाखवणारा आकडा) ६.१ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आत्ताच नकोत, आधी जेवण आणि चालणं बघू. आहारतज्ज्ञ बाईंनी जेवणाचं जे बसवून दिलं ते मला मनापासून पटलंय. त्यात उपास नाहीत, काही वर्ज्य नाही. दोन भाकरी किंवा तीन फुलके, वाटीभर घट्ट वरण किंवा उसळ, वाटीभर भाजी, भरपूर काकडी-टोमॅटो, मूठभर भात, ताक. गोड आठवड्यातून एकदा. घरी हे बिनबोभाट चालतं.

हॉटेलात अडतं ते ‘काय’वर नाही, ‘किती’वर. घरी पानात किती घ्यायचं ते मी ठरवतो. हॉटेलात ते प्लेटचा आकार, वाढपी आणि समोर बसलेला माणूस मिळून ठरवतात. म्हणून हल्ली मी बरंचसं आत शिरायच्या आधीच ठरवून टाकतो. गाडीत फुटाण्यांची पुडी असते, त्यातले मूठभर अर्धा तास आधी खातो, म्हणजे टेबलावर आलेल्या पापडावर हात जात नाही. मेनूकार्ड उघडायच्या आधी भाकरीचा आकडा सांगून मोकळा होतो: ‘दोन ज्वारीच्या, परत विचारू नका.’ हे आधी सांगण्याला महत्त्व आहे. भाजी अर्धी उरलेली असताना वेटर ‘अजून एक आणू का?’ म्हणतो, तेव्हा ती भाजी संपवायला भाकरी आणि भाकरी संपवायला भाजी असं चक्र चालू होतं. आणि चौघं असलो की ‘ऑर्डर मी देतो’ म्हणतो. चार माणसांत दोन भाज्या, एक दाल, एक हिरवं सॅलड. ज्याच्या हातात ऑर्डर त्याच्या हातात प्रमाण, हे मला फार उपयोगी पडलंय.

तरी तीन ठिकाणी मी अजून चाचपडतोय. पंजाबी ग्रेव्हीच्या भाज्या, अमर्याद थाळी, आणि आग्रह. तुम्ही काय करता? सल्ला रोजच्या जगण्यातला हवा. ‘बाहेर खाऊच नका’ हे माझ्या कामात शक्य नाही.

जुई

चांगला विषय. आमच्याकडे सूप ‘वन बाय टू’ सांगायची पद्धत आहेच, तीच मी सगळीकडे लावते. एक मसाला डोसा आणि एक इडली सांबार दोघींत, दोन रिकाम्या प्लेटा आधीच मागून घेतो. उडपी हॉटेलवाले काही म्हणत नाहीत. सांबाराची वाटी मात्र मी दुसऱ्यांदाही घेते, त्यात डाळ-भाजी तरी आहे.

तव्यावरचा

मी महामार्गावरच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो, आधी तंदूरवर होतो, आता हंडीवर. माणदेशींच्या पहिल्या प्रश्नाला भटारखान्यातून उत्तर देतो.

गिऱ्हाइकाला वाटतं भाजी ऑर्डर गेल्यावर सुरू होते. तसं नसतं. सकाळीच तीन-चार ग्रेव्ह्यांची पातेली तयार असतात. कांदा-टोमॅटोची तपकिरी, काजू आणि मगजबीची (सोललेल्या टरबूज-खरबुजाच्या बियांची) पांढरी, टोमॅटो-काजू-बटरची मखनी, पालकाची हिरवी. मेनूकार्डावर पनीरच्या वीस भाज्या दिसतात, त्या याच पातेल्यांतून निघतात. ऑर्डरची चिठ्ठी आली की कढई भट्टीवर चढते, पळीभर तेल, आलं-लसूण, बारीक चिरलेला कांदा-टोमॅटो, मग दोन डाव ग्रेव्ही, पनीर, कसुरी मेथी. उतरवताना बटरची वडी आणि क्रीमची धार. तेल कडेला सुटून वर आलं की भाजी ‘दिसते’. तेल सुटलं नाही तर प्लेट परत येते, ‘भाजी कोरडी आहे’ म्हणून. त्यामुळे आम्ही तेल सोडतो ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी.

आता ‘तेल कमी’ सांगून काय होतं? ऑर्डर घेणारा कॅप्टन चिठ्ठीवर ‘लेस ऑइल’ लिहितो. आम्ही फोडणीची पळी निम्मी करतो, वरचं बटर आणि क्रीम टाकत नाही. एवढं नक्की होतं. पातेल्यातल्या ग्रेव्हीत जे आहे ते मात्र तिथंच राहतं. म्हणून ‘पनीर बटर मसाला, बटर कमी’ सांगण्यात हशील नाही, मखनी ग्रेव्हीच बटरची आहे. दाल मखनीचंही तेच, ती रात्रीपासून शिजलेली असते. बिर्याणी दमाची, एकाच हंडीतून निघते, तुमच्यासाठी वेगळी होऊ शकत नाही.

जे ऑर्डरवर बनतं त्यात बदल होतो. दाल फ्राय मागा आणि फोडणी साधी, वरून तडका नको म्हणून सांगा. डाळ शिजवलेली तयार असते, तिला तुम्ही म्हणाल तशी फोडणी देता येते. मिक्स व्हेज ड्राय, आलू-मेथी, भेंडी, भुर्जी, ऑम्लेट, अंडा करी. सांगली-कोल्हापूर पट्ट्यात असाल तर अख्खा मसूर. पोटभरीचा आहे, फक्त वरचं बटर नको म्हणायचं. तंदुरी रोटी ‘प्लेन’ म्हणून स्पष्ट सांगा. नुसतं ‘रोटी’ म्हटलं की बरेच ठिकाणी बटर लावूनच येते, कारण ती भट्टीतून निघाल्या निघाल्या ब्रश फिरतो. नानपेक्षा रोटी बरी, नान सरळ मैद्याचा. स्टार्टर घ्यायचंच असेल तर तंदुरी चिकन किंवा पनीर टिक्का. मंचुरियन आधी तळतात, मग सॉसमध्ये परततात, वर कॉर्नफ्लोअर. सूपमध्ये मंचावऐवजी क्लिअर सूप मागा, त्यात कॉर्नफ्लोअर नसतं आणि वर तळलेले नूडल्सही येत नाहीत.

आणि एक विनंती. हे सगळं ऑर्डर देतानाच सांगा. भाजी टेबलावर आल्यावर ‘तेल फार आहे’ म्हणालात तर आम्ही वरचं तेल पळीनं काढून परत पाठवतो, दुसरं काही करत नाही.

आहारवेडी

तव्यावरचा, असा प्रतिसाद किचनमधला माणूसच देऊ शकतो. मी आहारतज्ज्ञ आहे, यात आकडे घालते.

तेल, तूप, बटर यांच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी. पोहे खायच्या सपाट चमच्यात साधारण ५ ग्रॅम तेल मावतं, म्हणजे ४५ कॅलरी. राष्ट्रीय पोषण संस्था आणि आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) यांनी २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात २००० कॅलरींच्या दिवसभराच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरलंय. त्याच ताटात भाज्या ४०० ग्रॅम, धान्य २५० ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस ८५ ग्रॅम. तव्यावरचा सांगतात तशी पळी, बटरची वडी आणि क्रीमची धार एकत्र केली तर पूर्ण प्लेट एकट्यानं खाणाऱ्याचा दिवसाचा स्निग्धांश एका भाजीत संपतो. तीच प्लेट तिघांत वाटली, सोबत दाल आणि सॅलड असलं, तर आराखडा मोडत नाही. म्हणून माणदेशींची ‘चौघांत दोन भाज्या’ ही युक्ती मला सगळ्यात मोलाची वाटते.

खाण्याचा क्रमही सांभाळा. आधी काकडी-टोमॅटो आणि भाजी, मग डाळ किंवा पनीर-चिकन, भाकरी-भात शेवटाकडे. जेवण तेच, तेवढंच. पण या क्रमानं खाल्लं तर जेवणानंतरची साखर कमी उसळते, हे मधुमेहींवरच्या अभ्यासांत दिसलंय. हॉटेलात नेमकं उलटं होतं. गरम रोटी आधी येते आणि आपण ती चटणीशी खात बसतो. म्हणून सॅलड ‘आधी आणा’ असं वेगळं सांगावं लागतं.

पिण्याकडेही लक्ष द्या. ३०० मिलीच्या थंड पेयाच्या बाटलीत तीसएक ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर शक्यतो एकूण कॅलरींच्या ५ टक्क्यांत ठेवा, म्हणजे २००० कॅलरींना दिवसाची २५ ग्रॅम. बाटलीतच ती ओलांडली जाते. ताक, नाहीतर खारा लिंबू सोडा.

रक्तदाब असणाऱ्यांनी पापड, लोणचं आणि सोया सॉस यांवर नजर ठेवा. दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, आणि हॉटेलच्या जेवणात ते कुठून कुठून येतं ते चवीला कळत नाही.

रंकाळा

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. आमच्या कोल्हापुरात माणूस मटणाच्या ताटावर बसतो तेव्हा तांबडा-पांढरा रस्सा वाट्यांनी पितो. महिन्यातून एकदा घरचे सगळे मिळून जातो. त्या दिवशी मी काही मोजत नाही आणि मोजूही नये असं मला वाटतं. कट (रश्श्यावरचा तेलाचा तवंग) बाजूला काढून, अर्धी वाटी रस्सा घेऊन ते जेवण जेवल्याचं समाधान मिळत नाही. उरलेले २९ दिवस घरी नीट जेवलं की झालं.

माणदेशी

रंकाळा, तुमचं तुमच्या जागी बरोबर आहे, महिन्यातून एकदाच्या जेवणाला मीही नियम लावणार नाही. पण माझं बाहेरचं जेवण हेच माझं रोजचं जेवण आहे. ‘आज बाहेर आहे, चालतंय’ असं मी म्हणू लागलो तर निम्मं वर्ष तसंच जाईल. कोल्हापूरला आलो की मीही मटणाचं ताट घेतो. सुकं मटण, भाकरी, पांढरा रस्सा एक वाटी, तांबडा एक वाटी. दुसऱ्यांदा आला की वाटीवर हात ठेवतो. चव पहिल्या वाटीत पूर्ण कळते.

आहारवेडी

दोघांचंही बरोबर आहे, दोघांची वारंवारता वेगळी आहे. महिन्यात एकदा बाहेर जेवणाऱ्यानं हा धागा वाचायचीही गरज नाही. आठवड्यातून दोनदा किंवा जास्त बाहेर जेवत असाल तर ते जेवण ‘प्रसंग’ राहत नाही, आहार होतो. मग त्याला आहाराचेच नियम हवेत.

रंकाळा, एक सांगते. पांढऱ्या रश्श्यात मटणाचा अर्क आणि नारळाचं दूध असतं, काजू-खसखसही घालतात. तो दिसायला हलका असला तरी कॅलरींनी हलका नसतो. माणदेशींनी एका वाटीवर थांबायचं ठरवलंय ते योग्यच आहे.

निवृत्त मास्तर

थाळी आणि आग्रह, या दोन्हींवर लिहितो.

अमर्याद थाळीत पहिल्या दोन मिनिटांत सगळं ठरतं. वाढपी एकामागून एक येतात: ढोकळा, कचोरी, चार भाज्या, दाल, कढी, दोन गोड, पुऱ्या, आणि फुलक्यावर तूप. ताट एकदा भरलं की आपल्या पिढीला ते टाकवत नाही. पानात टाकायचं नाही हा संस्कार आहे आणि तो मला सोडायचाही नाही. म्हणून नको ते पानात येऊच द्यायचं नाही. बसल्या बसल्या नको असलेल्या वाट्या ताटाबाहेर काढून उपड्या ठेवायच्या. मी गोडाची एक आणि कढीची एक अशा दोन काढतो. उपडी वाटी पाहून वाढपी थांबत नाही, पुढे जातो. तोंडानं ‘नको’ म्हटलं की तो ‘थोडंसं घ्या ना’ म्हणतो, कारण वाढणं हे त्याचं काम आहे आणि तो ते प्रेमानं करतो. फुलका बिनतुपाचा हवा हे पहिल्या फेरीआधी सांगावं. खिचडी घ्यायची तर फुलका एक कमी.

पैसे पूर्ण दिलेत म्हणून वसूल करायचे, हा विचार डोक्यातून काढावा लागतो. थाळीचे पैसे चवींसाठी दिलेले असतात. दहा पदार्थ घरी कोण करणार? प्रत्येकाचे दोन घास घेतले तरी पैसे फिटतात.

आता आग्रह. मोठ्यांनी केलेला आग्रह मोडताना ‘डाएट आहे’ म्हणू नये, त्यावर वाद होतो. ‘पोट भरलं, मन भरलं, आता ताक द्या’ असं म्हणावं. ताक मागितलं की जेवण संपलं हे सगळ्यांना कळतं, आणि आग्रह करणाऱ्यालाही काहीतरी वाढल्याचं समाधान मिळतं. उरलेलं बांधून घ्यायला लाजू नये. आमची सून भाजी आल्या आल्या निम्मी पॅक करायला सांगते. शेवटी पॅक करू म्हटलं की काही उरत नाही.

जुई

मास्तर, उपड्या वाटीची युक्ती फार आवडली. या रविवारीच करून बघते.

किनारा

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडच्या हॉटेलातली माशाची थाळी मिताहाराला तशी सोयीची आहे: शीत (भात), हुमण (माशाची आमटी), तिसऱ्याचं सुकं, किसमूर (सुक्या माशाची कोशिंबीर), भाजी, एक तळलेला मासा, सोलकढी. अडचण दोनच ठिकाणी होते. एक, भाताचा डोंगर. ‘शीत उणें घाल’ (भात कमी वाढ) म्हटलं की निम्मा वाढतात, आणि हुमण चमच्यानं खाल्लं तरी तेवढीच मजा येते. दोन, मासा. रवा फ्रायमध्ये रव्याचा थर तेल धरून ठेवतो. त्याऐवजी रेशाद (गोव्याचा लाल आंबट-तिखट मसाला) लावून तव्यावर शेकलेला बांगडा मागावा, मसाला आत असतो आणि बांगड्याला स्वतःची चरबी असते, तेल थोडंच लागतं. सोलकढी पाण्यासारखी पिऊ नये, त्यात नारळाचं दूध आहे. एक वाटी, जेवणानंतर.

मालवणात वड्यांचं तेच. कोंबडी-वडे खायचे तर दोन वडे आणि बाकी भाकरीबरोबर. दोन वड्यांत वड्यांची हौस भागते.

सुगरण

मला एक काळजीची गोष्ट सांगायची आहे, कारण इथं मधुमेहाचा विषय निघालाय. माझे यजमान इन्सुलिन घेतात. एका लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही हॉटेलात गेलो. त्यांनी घरून निघतानाच इंजेक्शन घेतलं होतं, नेहमीच्या जेवणाच्या वेळेप्रमाणे. हॉटेलात रांग, मग टेबल, मग ऑर्डरला उशीर. त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले, बोलणं तुटक झालं. शेजारच्या टेबलावर एक नर्स होत्या, त्यांनी लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यायला लावली आणि पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरनं बघितलं. तेव्हा माणूस ताळ्यावर आला.

त्या दिवसापासून डॉक्टरांना विचारून आम्ही एक गोष्ट बदलली. जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर दिसल्यावरच, हॉटेलात बसूनच. पर्समध्ये ग्लुकोजची पुडी कायम. तुमच्यापैकी कोणी इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या गोळ्या घेत असेल तर हॉटेलात जेवायचं ठरलं की वेळेचा प्रश्न तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा. ‘कमी खाऊ’ म्हणून भाकरी-भात अचानक निम्मा केला आणि औषध तेवढंच घेतलं, तरी साखर एकदम खाली जाण्याचा हाच धोका आहे.

आहारवेडी

सुगरणताई, हे लिहिलंत फार बरं झालं. सगळ्यांनी वाचावं असं आहे. मधुमेहाच्या सगळ्याच गोळ्यांनी साखर अशी खाली येत नाही, काहींनीच येते; आपली कोणती आहे हे माहीत असायला हवं.

एडिसनकर

न्यू जर्सीहून. इथं प्लेटा अजून मोठ्या. २०१८ पासून २० किंवा अधिक शाखा असलेल्या साखळी रेस्टॉरंट्सना मेनूवर कॅलरी छापाव्या लागतात. सुरुवातीला मी तिकडे दुर्लक्ष करायचो, आता तो आकडा बघितल्याशिवाय ऑर्डर देत नाही. सॅलड म्हणून जे मागवत होतो त्याचा आकडा ड्रेसिंग आणि चीजमुळे बर्गरच्या बरोबरीचा निघाला, तेव्हा डोळे उघडले. आता ड्रेसिंग वेगळ्या वाटीत मागतो आणि काट्याचं टोक त्यात बुडवून घास घेतो.

भारतात असं काही आहे का?

तव्यावरचा

आहे. एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम २०२२ पासून लागू आहे. केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या एका सर्व्हिंगच्या कॅलरी छापाव्या लागतात. पिझ्झा-बर्गर-कॉफीच्या साखळी दुकानांत दिसतील. आमच्यासारख्या एकाच जागेच्या हॉटेलांना तो नियम नाही. वाचताना ‘एक सर्व्हिंग’ म्हणजे किती ते बघा. पिझ्झ्याला बरेचदा एका तुकड्याचा आकडा असतो.

ऑरेंज सिटी

नागपूरचा आहे. सावजी हॉटेलात गेलं की रश्श्यावर तर्री (तिखट तेलाचा लाल तवंग) तरंगते, आणि आमच्यात तर्रीशिवाय पोहेसुद्धा खात नाहीत. मी एवढंच करतो की वाटी आली की दोन मिनिटं हलवत नाही. तर्री वर जमते, ती चमच्यानं रिकाम्या वाटीत काढतो, खालचा रस्सा भाकरीशी खातो आणि चवीपुरता एक चमचा तर्री परत घेतो. मिसळीलाही हेच. कट वेगळा मागवायचा, मटकी जास्त, फरसाण कमी. पाव दोनच. रस्सा फुकट मिळतो म्हणून पाव वाढतात, तिथं सांभाळायचं.

दोन वेळा

मी डॉ. दीक्षितांची पद्धत पाळतो: दोनदाच जेवण, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत. मधलं खाणं बसत नसल्यानं माणदेशींचा फुटाण्यांचा उपाय मला चालत नाही. हॉटेलात माझी मुख्य अडचण घड्याळाची. पापड तोंडात टाकला की वेळ सुरू, आणि जेवण चाळीस मिनिटांनी येतं. त्यामुळे मी सगळी ऑर्डर एकदम देतो, गोडासकट, आणि रोटी-भाजी टेबलावर येईपर्यंत पाण्याशिवाय कशाला हात लावत नाही. मित्र स्टार्टर खात असतात तेव्हा माझ्या वाट्याचे दोन तुकडे प्लेटमध्ये काढून ठेवतो, जेवताना खातो. जेवणाची वेळ ठरलेली म्हणून त्या वेळात कितीही, असं काहीजण करतात. माझा अनुभव असा की तसं केलं तर वजन उतरत नाही.

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार. तव्यावरच्यांचा प्रतिसाद मी छापून गाडीत ठेवलाय. काल सांगलीत अख्खा मसूर घेतला, बटर न घालता, दोन प्लेन रोट्या, सॅलड आधी आणायला सांगितलं. कॅप्टननं एकदाही उलट विचारलं नाही. मास्तरांचं ‘ताक द्या’ हे वाक्य मी आता डीलरांकडेही वापरणार.

सह्यवारी

एक प्रश्न राहिला. मी मुंबई-रत्नागिरी एस.टी.नं ये-जा करते. गाडी ठरलेल्या हॉटेलवर पंधरा-वीस मिनिटं थांबते. तिथं ‘लेस ऑइल’ सांगायला कोण आणि ऐकायला कोण? वडापाव, भजी, मिसळ, बटाटावडा, एवढंच पटकन मिळतं. त्यातून काय घ्यावं?

तव्यावरचा

ताई, गर्दीच्या थांब्यावर किचन ऑर्डर बदलू शकत नाही, हे खरं. पण काउंटरवर बघा, इडलीचा कुकर बहुतेक ठिकाणी असतो; इडली-सांबार तळलेलं नाही आणि लगेच मिळतं. उकडलेली अंडी असली तर दोन घ्या. ऑम्लेटला दोनच मिनिटं लागतात, पाव एकच घ्या. केळी बाहेरच्या टपरीवर मिळतात. तळलेलं घ्यायचंच असेल तर कढईतून समोर निघालेलं घ्या आणि तेलाचा रंग बघा. तळणीचं तेल किती वेळा वापरायचं यालाही २०१८ पासून नियम आहे, त्यातली खराब झालेली संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते टाकावं लागतं. तुमच्याकडे मोजायचं यंत्र नसतं, पण काळपट, फेसाळलेलं, डोळ्याला झोंबणारा धूर येणारं तेल ओळखू येतं. तसं दिसलं तर पुढच्या थांब्यापर्यंत केळ्यांवर काढा.

सह्यवारी

धन्यवाद. आमच्या थांब्यावर इडली असते, आतापर्यंत तिकडे बघितलंच जात नव्हतं, कारण रांग वड्यांपुढे असते. शुक्रवारी गाडी आहे, उतरल्यावर आधी त्या काउंटरला जाते.